नात्याचा रकाना

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्याने केली, त्याने परदेश पाहिला नसणार. पाहिला असता तर सहावर थांबला नसता. कचेरी कुठल्याही मुलखातली घ्या, आत तेच. टोकनचं यंत्र, एकमेकींना स्क्रूने जखडलेल्या खुर्च्या, आणि काचेपलीकडे एक माणूस. त्या माणसाला आपला एक कागद सोडून जगातले सगळे कागद मिळालेले असतात.

आपला कवळीवाला परदेशातल्या अशाच खुर्च्यांवर बारा वर्षं बसून मुरलेला होता. कवळीवाला हे काही त्याचं नाव नव्हे. तो दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून द्यायचा. प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासूनपुसून हिरडीचा गुलाबी रंग चकाकवायचा, हे त्याचं काम. बायको चष्म्याच्या दुकानात. “तू लोकांचे दात बघ, मी डोळे बघते,” असं म्हणून तीच त्याला चिडवायला कवळीवाला म्हणायची. आपणही तेच म्हणू.

वडील गेल्यावर त्याने वहिनींना आपल्याकडे आणलं. आता, वहिनी म्हणजे त्याची आई. सख्खी, जन्म दिलेली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ते वेळेवर न सांगितल्यानेच पुढचं सगळं रामायण झालं.

त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा घरात तीन दीर होते. तिघंही वहिनी म्हणायचे, म्हणून शेजारी वहिनी म्हणायचे, दूधवालाही वहिनीच म्हणायचा. मग पोरगं झालं, तेही वहिनी म्हणायला लागलं. पुढे सून आली, तिने नवऱ्याचंच ऐकून “अहो वहिनी” सुरू केलं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जन्मदात्या आईला काकू म्हणणारे, ताई म्हणणारे, बापाला भाऊ म्हणणारे पैशाला पासरी मिळतील. घरातलं मोठं माणूस ज्या नावाने हाक मारतं ती हाक लहान उचलतं, आणि जन्मभर ती सुटत नाही.

पण त्या देशाच्या नियमांत हाका नव्हत्या, नाती होती. कमावत्या माणसाला आपल्याजवळ ठेवता येईल अशा नातेवाइकांची यादी होती. नवरा, बायको, अल्पवयीन मुलं, आई, बाप. भावाची बायको त्या यादीत नव्हती.

जन्माचा दाखला होता, पण तो शाळेत घालताना काढलेला, म्हणजे सहा वर्षं उशिराचा. असल्या दाखल्यावर तिथले लोक नुसता विश्वास ठेवत नसत, मुलाखत घेत. रक्ताची तपासणीही करता आली असती. तिचा नंबर पाच महिन्यांनी लागत होता आणि वहिनींची राहण्याची मुदत पाच आठवड्यांत संपत होती. मुदत संपून बाहेर पडलेल्या माणसाला दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नसे. आणि परत जायचं तरी कुठे? भाड्याचं घर सोडलेलं, भांडीकुंडी वाटून टाकलेली. वहिनी अडुसष्टच्या, एक गुडघा कायमचा रुसलेला.

पहिल्या मुलाखतीला वहिनींना एकट्यांना आत घेतलं. समोर फोन ठेवलेला, फोनमध्ये दुभाषा. बाहेर आल्या त्या अगदी खुशीत.

“काय विचारलं?” कवळीवाल्याने विचारलं.

“काही नाही रे, साधी माणसं आहेत. मुलं किती वाढवलीत विचारलं. म्हटलं, चार. मुलगा काय हाक मारतो विचारलं. म्हटलं, वहिनी.”

कवळीवाल्याला घोटाळा तिथेच कळला. पण बोलून उपयोग काय? बूंद से गई ती हौद से येत नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की, आपण भावाची पत्नी असल्याचं अर्जदार स्त्रीने स्वतःच मान्य केलं आहे. मुलं एक की चार, याचाही मेळ बसत नाही. अर्जात भाऊ नाही असं लिहिलं असून भावाची बायको मात्र हजर आहे, तेव्हा भावाची माहिती लपवल्याचा संशय येतो. खुलाशासाठी शेवटची संधी, अमुक तारखेला, दोघांनी बरोबर यावं.

“अरे, मला भाऊच नाही!” कवळीवाला पत्रावर ओरडला. “ज्याला भाऊ नाही त्याला वहिनी कुठून येईल? एवढी तरी अक्कल?”

“त्यांना अक्कल आहे म्हणूनच प्रश्न पडला,” बायको म्हणाली. “आपल्याला कधी पडला का?”

वहिनी कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “माझंच चुकलं. तोंडाला येईल ते बोलले. पण चारच वाढवले की रे मी. खोटं कसं सांगू?”

मग घरात शिकवणी लागली. सुनेने फर्मान काढलं की, मुलाखत होईपर्यंत या घरात कुणी वहिनी म्हणायचं नाही. आई म्हणायचं. जिभेला वळण लागलं पाहिजे.

झालं, गंमतच सुरू झाली. कवळीवाला कामावरून आला की दारातूनच ओरडायचा, “आई, चहा!” आणि वहिनी खुशाल बसून राहायच्या. त्या शब्दाला वळून बघायची त्यांना सवयच नव्हती. दुसऱ्यांदा ओरडला की इकडेतिकडे बघायच्या. एकदा तर म्हणाल्या, “कुणी आलंय का रे बाहेर?” सून पोट धरून हसली. कवळीवाल्याचीही तीच गत. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण तो शब्द उच्चारताना नाटकात पहिल्यांदा उभा राहिलेल्या पोरासारखा ताठ व्हायचा.

“पालथ्या घड्यावर पाणी,” सुनेने शेवटी कपाळावर हात मारला. “तुम्ही दोघंही नापास.”

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री अंथरुणावर पडलं की कवळीवाल्याच्या डोळ्यांपुढे विमानतळ यायचा. एका शब्दापायी ही म्हातारी विमानात बसणार आणि आपण काचेतून हात हलवणार. तिकडे तिला कोण बघणार? दोन काका गेले, तिसरा स्वतःच मुलाच्या आधाराने दिवस काढतोय. त्याला स्वतःचाच राग यायचा. सगळ्या जगाची पोरं आई म्हणतात, मग आपल्याला कुणी शिकवलं नाही का?

मुलाखतीच्या दिवशी काचेची खिडकी नव्हती, खोली होती. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, समोर जाडजूड फाइल. या खेपेला दुभाषी बाईही समोरच बसलेली होती. आपलीच भाषा बोलणारी, तिशीची, स्वभावाने कोरडी वाटणारी. ती आधीच म्हणाली, “मी फक्त बोललेलं सांगणार. समजावून सांगणं माझं काम नाही.”

कवळीवाल्याने सुरुवातच जोरात केली. “आई, इथे बस. आई, पाणी हवं का? आई, पिशवी माझ्याकडे दे.” तीन वाक्यांत तीन आया. वहिनींनी पिशवी दिली ती चुकून दुभाषीच्या हातात.

अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. फाइलीतलं पान उलटलं. मग शांतपणे विचारलं, “मागच्या वेळी या म्हणाल्या, मुलगा मला वहिनी म्हणतो. आज तुम्ही दुसरा शब्द वापरताय. यातलं खरं कुठलं?”

करायला गेलो काय आणि झालं काय! कवळीवाला हात चोळत “म्हणजे… त्याचं असं आहे…” करायला लागला. स्वतःच्याच कानांना ते खोटं वाटत होतं.

दुभाषीने प्रश्न वहिनींना सांगितला. वहिनींनी मुलाकडे बघितलं, मग त्या बाईंकडे.

“खरं वहिनीच,” त्या म्हणाल्या. “आई म्हणायला आम्ही आठवडाभर शिकत होतो. काही जमलं नाही, बघितलंत ना. त्याला रागावू नका. घाबरलाय तो.”

दुभाषीने जसंच्या तसं सांगितलं. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग तो तुमचा मुलगा आहे, तर वहिनी का म्हणतो?”

“मी शिकवलं म्हणून.”

कवळीवाल्याने मान वर केली. त्याला वाटलं होतं, काकांचं ऐकून आपणच शिकलो. आजवर सगळ्यांना तेच सांगत आला होता.

वहिनी सावकाश बोलायला लागल्या. मध्ये मध्ये थांबायच्या, म्हणजे दुभाषीला सांगता येईल.

“मी त्या घरात आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या. धाकटा दीर तीन वर्षांचा. त्याचं न्हाऊमाखू, जेवणखाण सगळं माझ्याकडे. तिघांचंच होतं, पण धाकटा तर माझ्या पदरालाच असायचा. मग मला हा झाला. वर्षाचा झाला तसा बोलायला लागला. कुणी न शिकवता आई म्हणाला. मला इतका आनंद झाला, काय सांगू! धाकटा तिथेच खेळत होता. त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी मागे मागे फिरायला लागला. म्हणाला, वहिनी, मी पण तुला आई म्हणू? मी म्हटलं, म्हण की. म्हणाला. ते सासऱ्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, तुझी आई भिंतीवर आहे, फोटोत. तिला म्हण. वाईट नव्हते हो ते. बायको गेली होती त्यांची. पण पोरगं गप्पच झालं. जेवेना. हा आई म्हणून हाक मारायचा आणि तो नुसता बघत बसायचा.”

दुभाषी सांगता सांगता थांबली. तिने पेल्यातलं पाणी प्यायलं आणि मग उरलेलं सांगितलं.

“एका ताटात जेवणारी पोरं,” वहिनी म्हणाल्या, “एकाने आई म्हणायचं आणि दुसऱ्याने तो शब्द गिळायचा? मला नाही बघवलं. धाकट्याला आई म्हणता येत नव्हतं. याला वहिनी म्हणता येणार होतं. तेवढंच माझ्या हातात होतं. याने आई म्हटलं की मी म्हणायचे, वहिनी म्हण. तसं म्हटल्याशिवाय कडेवर घ्यायचे नाही. शिकला बिचारा. मग दोघं वहिनी वहिनी करत घरभर धावायला लागले. म्हणून मागच्या वेळी चार म्हटलं. जन्माला घातला एक, वाढवले चार. तुमच्या कागदात काय लिहायचं ते तुम्ही बघा.”

कवळीवाला आपल्या बोटांकडे बघत होता. नखांत प्लास्टर राहिलं होतं, ते उगाच खरवडत होता. त्याला रडू येत होतं आणि परक्या माणसांपुढे रडायची लाजही वाटत होती.

अधिकारी बाईंनी बराच वेळ फाइल चाळली. दाखला पाहिला, जुना फोटो पाहिला. मग एक प्रश्न विचारला. तो बहुधा त्यांच्या यादीतला नसावा, कारण विचारताना त्यांनी कागदाकडे बघितलं नाही. “आता तुम्हाला काय वाटतं? त्याने तुम्हाला काय म्हणावं?”

वहिनींना हसू आलं. “काही का म्हणेना. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर मला राहू द्या, म्हणजे झालं.”

दुभाषीने ते सांगितलं. या वेळी तिचा आवाज तितकासा कोरडा नव्हता.

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. फॉर्मवर नात्याचा रकाना होता, त्यात मागच्या खेपेला कुणीतरी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. त्यांनी ते खोडलं, शेजारी त्यांच्या भाषेत एकच शब्द लिहिला आणि खाली सही केली. मग शिक्का मारला. “तीन वर्षांचा परवाना,” त्या म्हणाल्या. “नंतर पुन्हा वाढवता येतो. कार्ड पोस्टाने येईल, पावती बाहेर मिळेल.”

बाहेर पुन्हा त्या जखडलेल्या खुर्च्या होत्या. दोघं पावतीची वाट बघत बसली. वहिनी गुडघा चोळत होत्या. समोर नंबर सरकत होते, कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं.

कवळीवाला समोरच बघत म्हणाला, “कधी बोलली नाहीस ते.”

“काय बोलायचं त्यात? तू कानकोंडा झाला असतास, धाकट्याला वाईट वाटलं असतं.”

“मी किती दिवस म्हणालो? आधी, आई असं?”

त्याला वाटलं, आठवत नाही म्हणेल. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

“अकरा दिवस,” वहिनी लगेच म्हणाल्या.