दाराआडची टिंग

बंबकाका स्टुलावर चढून अंगणातल्या दोरीवरची ओली कापडं ओढून काढत होते आणि खांद्यावर टाकत होते. ऊन असं कडक होतं की चिमटेसुद्धा बोटांना चावत होते. आभाळात ढग औषधालाही नव्हता. पण काकांची घाई अशी, की पाहणाऱ्याला वाटावं, फाटकाशी बंब उभा आहे, भोंगा सुरू झाला आहे आणि वरच्या मजल्यावरून बायकामुलं हात हलवताहेत.

“अहो, हे काय चालवलंय?”

तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात मास्तर उभे होते. गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांचं शिवणकाम आणि राहणं त्या एकाच खोलीत. दोरीवर होती ती त्यांच्या गिऱ्हाइकांची कापडं; कात्री लावण्याआधी आटवून घ्यावीत म्हणून पाण्यातून काढून वाळत घातलेली.

“पाऊस येतोय,” काका वरूनच म्हणाले.

“कुठे येतोय?”

काकांनी एका हाताने खिशातला फोन काढून पुढे धरला. “हे बघा. थोड्याच वेळात जोरदार सरी. आत्ताच घंटी झाली.”

मास्तरांनी फोनकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. मग काकांच्या खांद्यावर बोळा होऊन बसलेल्या, आणि एका टोकाने धुळीत लोळणाऱ्या पांढऱ्या शुभ्र कापडाकडे पाहिलं.

“खाली उतरा,” ते म्हणाले. “आणि पुन्हा माझ्या दोरीला हात लावलात, तर तुमच्या कातड्याचा कोट शिवीन. अस्तरासकट.”

पाऊस आला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही बरेच दिवस नाही. दोघांचं बोलणं मात्र तेव्हापासून बंद पडलं.

बंबकाकांची सारी नोकरी अग्निशमन दलात गेली होती. त्यांच्याबद्दल गल्लीत जे सांगतात ते सगळंच खरं नसेल. एकदा धुरातून त्यांनी खांद्यावर घालून आणलेला कोंबडा पुढे जन्मभर आरवला नाही, पहाटे उठून नुसता खोकायचा आणि लोक त्यावरच जागे व्हायचे, हे तर काकूही मान्य करत नाहीत. पण एक गोष्ट पक्की. घंटी वाजली की उठायचं, जायचं, पाहायचं आणि ठाण्यावर कळवायचं: ‘पोचलो’. घंटी खोटी निघाली तरी कळवायचं. खरी कोणती आणि खोटी कोणती हे खुर्चीत बसून ठरवायचं नसतं, असं त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं होतं, आणि दल सोडल्यावर ते विसरायला कोणी शिकवलं नव्हतं.

मग लेकीने त्यांना फोन घेऊन दिला, आणि आईला बघायला मोठा पडदा बरा म्हणून एक टॅबही.

फोन सांगे, ‘आज तुम्ही नेहमीपेक्षा कमी चाललात.’ काका ताटावरून उठून चपला घालत. फोन सांगे, ‘जागा भरत आली आहे.’ काकांनी एक अख्खी दुपार घालवून माळा रिकामा केला. संध्याकाळी फोनने पुन्हा तेच सांगितलं तेव्हा ते माळ्यावर डोकं घालून बराच वेळ उभे राहिले. आता तिथे फक्त माळा उरला होता. एका जुन्या सहकाऱ्याचा वाढदिवस असल्याचं कळताच ते हार घेऊन गेले. त्या गृहस्थाने फोनला जन्मतारीख मनाला येईल ती ठोकून दिली होती. हार गळ्यात घेऊन बिचारा म्हणाला, “माझ्या बायकोला वाटलं, मी गेलोच.”

आणि हे सगळं एकेकदा नाही. फोन जे बाहेरच्या खोलीत सांगे तेच टॅब मागोमाग स्वयंपाकघरातून सांगे. काकांच्या लेखी एकाच आगीच्या दोन घंट्या, म्हणजे आग मोठी. ते दोन्हीकडे धावत. शिवाय प्रत्येक वेळी, ज्याच्याशी त्या घंटीचा लांबूनही संबंध असेल त्याला, ते कळवत: ‘पोचलो. सर्व ठीक.’ फोटो पाहिला की फोटोवाल्याला. हवामान पाहिलं की जिन्यातल्या सगळ्यांना, एकेकाला वेगवेगळं. मास्तरांनाही. अबोला होता तो बोलण्याचा, कळवणं वेगळं.

“अहो,” काकू एक दिवस पोळपाट बाजूला सारून म्हणाल्या, “तुमची नोकरी होती तेव्हा निदान आठवड्याची सुट्टी तरी मिळत होती.”

त्यांनीच मग लेकीला बोलावून घेतलं.

लेक नर्स होती. ड्यूटीवरून थेट आली, पायातले बूट काढून तिने पाय खुर्चीवर घेतले आणि वडिलांना शेजारी बसवलं.

“बाबा, बघा. वरून खाली बोट ओढायचं. हे सगळं आलं ना? आता जे नकोय त्यावर बोट दाबून धरायचं. दाबून. टोचायचं नाही.”

“दाबतोय की.”

“तुम्ही ते उघडलंत. परत या. हां, धरून ठेवा. आता बघा, इथे आलं ‘सायलंट’. ते करा. संपलं.”

“म्हणजे ते येणारच नाही?”

“येईल. वाजणार नाही.”

काका गोंधळले. “येईल पण वाजणार नाही? मग आलं हे कळणार कसं?”

“तुम्हाला हवं तेव्हा बघायचं.”

“आणि तोवर?”

“तोवर काही नाही, बाबा. ते सेलचे कपडे दाखवतंय. सेल.”

काकांनी तो सेल गप्प केला. मग चालणं गप्प केलं. हवामानाशी त्यांची बोटं अडखळली, तेव्हा काकूंनीच पलीकडून हात घालून ते गप्प केलं. मग एक पाटी आली, ‘व्यत्यय आणू नका’, आणि काका दुखावून म्हणाले, “मी कुठे काय आणतोय?” त्यावर लेक इतकी हसली की काकूंनी तिला पाणी दिलं. टॅबवर पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं, कारण एकाला गप्प केलं म्हणून दुसरा गप्प बसत नाही, हे काकांना पटत नव्हतं. त्यांच्या ठाण्यात तरी एकच बटण होतं.

“नावांचंही तसंच,” लेक म्हणाली. “एखादा फार मेसेज करत असेल तर त्याच्या नावावर दाबून धरायचं. थांबा, माझ्यावर दाखवते.”

तिने स्वतःचा फोन पुढे केला. नावांची रांग सरसर वर गेली आणि थांबली. ‘बाबा’ या नावासमोर एक छोटीशी घंटी होती आणि त्या घंटीवर आडवी रेघ.

लेकीचा अंगठा घाईघाईने पुढे सरकला. “हे असं,” ती म्हणाली, आणि कुठल्याशा साडीवाल्याचं नाव गप्प करून दाखवलं.

काकांनी विचारलं, “ती रेघ म्हणजे काय?”

लेकीने पाय खाली घेतले.

“बाबा, वॉर्डात दिवसभर मशिनी वाजतात. त्यात तुमचं ‘पोचलो, पोचलो’. मी धावत खिशात हात घालते, आणि तुम्ही कोणाचा तरी फोटो बघून पोचलेले असता. मी वाचते. सुट्टी झाली की सगळे एकदम वाचते.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “ड्यूटी ती ड्यूटी.”

ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की काकूंना नळ ठिबकत असल्याचा शोध लागला. त्या समाधानाने मटार सोलायला बसल्या. फोन त्यांच्या मांडीवर होता. काकांनी समोरच्या खुर्चीतून त्यांना एक शब्द पाठवला: ‘चाचणी.’

काकूंच्या मांडीवर उजेड पडला. आवाज झाला नाही. काकूंनी एक शेंग उलगडली, दाणे पातेल्यात टाकले.

“अगं,” काका म्हणाले, “तुझा फोन बिघडलाय का?”

“नाही बाई. छान चाललाय.”

काका उठले. त्यांनी सदरा चढवला, वरपर्यंत बटणं लावली.

“आता कुठे? काही वाजलं तर नाही.”

“तेच बघून येतो,” ते म्हणाले.

दलात असताना महिन्यातून एकदा इमारतींच्या घंट्या तपासायला जावं लागे. वरच्या मजल्यावरून सुरुवात, एकाने कळ दाबायची, दुसऱ्याने दाराशी कान लावून ऐकायचं. आज कळ आणि कान दोन्ही त्यांचेच होते.

वरच्या मजल्यावर वकीलबाईंचं दार. आत त्या कोणाला तरी फोनवर झाडत होत्या. काकांनी त्या थांबेपर्यंत वाट पाहिली, मग त्यांच्या नावावर ‘चाचणी’ पाठवली. कान पुढे केला. आत खुर्ची करकरली, कागद उलटला. बाकी काही नाही.

पलीकडे दातांचे डॉक्टर. हा माणूस काकांना भेटला की खांद्यावर हात ठेवून म्हणे, “काका, तुमचे मेसेज आले की दिवस कसा भरल्यासारखा वाटतो.” काकांनी पाठवलं. आतून क्रिकेटची कॉमेंटरी येत होती, कोणीतरी बाद झालं, डॉक्टर हळहळले. काकांनी पुन्हा पाठवलं. कॉमेंटरीत जाहिरात लागली. त्या जाहिरातीच्या आधीच्या क्षणभराच्या शांततेतही दारामागे काही वाजलं नाही.

स्वतःच्या मजल्यावर समोरच्या सुनबाई. त्यांच्या लहानग्याचा हात एकदा जिन्याच्या कठड्यात अडकला होता, तेव्हा काकांनीच साबण लावून तो सोडवला होता. त्यांचा फोन दाराजवळच्या फळीवर असतो हे काकांना ठाऊक होतं. दाराच्या फटीतून उजेड पसरलेला आणि विझलेला दिसला. बस.

काका कठड्याला धरून थोडा वेळ उभे राहिले. घंटी बिघडलेली निघाली तर काय लिहायचं हे त्यांना पाठ होतं. इथे तर सगळ्या धडधाकट होत्या. दाबणारा ठीक, तार ठीक, घंटी ठीक, आणि तरी आवाज नाही. असला बिघाड त्यांच्या उभ्या नोकरीत आला नव्हता. खिशातला फोन त्यांनी उलटसुलट करून पाहिला, जणू आवाज बाहेर पडायची जागा मागच्या बाजूला कुठेतरी बुजली असेल.

राहिला तळमजला. तिथे जायचं काही कारण नव्हतं. लेकीने गप्प केलं, बायकोने गप्प केलं. ज्याची कापडं धुळीत लोळली त्याने काय केलं असेल, हे विचारायला जिना उतरायची गरज नव्हती. तरी ते उतरले. तपासणी अर्धी टाकून परत गेलेला माणूस त्यांना दलात कधी आवडला नव्हता.

मास्तरांचं दार लोटलेलं होतं. आत शिवणयंत्र एका लयीत धावत होतं. काकांनी बाजूच्या भिंतीला पाठ लावली, फोन डोळ्यांजवळ धरला आणि ‘चाचणी’ पाठवली.

टिंग.

यंत्र थांबलं.

काकांना वाटलं, आपल्याच खिशात काही वाजलं. पण फोन तर हातात होता. आत कोणी हललं, चष्म्याची काडी कशावर तरी आपटली. मग यंत्र पुन्हा सुरू झालं.

काकांनी दुसऱ्यांदा पाठवली.

टिंग. यंत्र थांबलं. या वेळी मात्र पावलं दारापर्यंत आली.

“काय आहे?” मास्तर म्हणाले. इतक्या दिवसांनी फुटलेला पहिला शब्द असूनही त्यांचा आवाज सकाळीच बोलून गेल्यासारखा होता.

“काही नाही. चाचणी.”

“ते वाचलं. झाली का?”

“झाली.” काका हलले नाहीत. “वाजतंय तुमच्याकडे.”

“वाजायला नको?”

मास्तरांनी दार थोडं आणखी उघडलं आणि वाटेतला चिंध्यांचा ढीग पायाने बाजूला सारला, म्हणून काका आत गेले आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या बाकड्यावर टेकले. मास्तर यंत्रापाशी बसले. यंत्राच्या फळीवर, बॉबिनच्या डबीला टेकवून, त्यांचा फोन उभा होता. पडद्यावर काकांच्या दोन चाचण्या होत्या.

“सगळ्यांनी मला गप्प केलंय,” काका म्हणाले. “वरपासून बघत आलो. लेकीनेसुद्धा.”

“बरं केलं. डोकं उठवता तुम्ही.” मास्तरांनी सुईखाली कापड सरकवलं. “परवा पाय धुऊन बसलो, तर म्हणे पोचलो. मी म्हटलं, कुठे?”

“ती घंटी जुन्या पुलाच्या फोटोची होती.”

“असेल.”

फोनवर उजेड पडला. ‘भाचा’ असं नाव आलं, खाली दोन ओळी आल्या. आवाज झाला नाही. मास्तरांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने पुन्हा उजेड: कापडाच्या दुकानाचं नाव. मग कोणीतरी ‘थोरली वहिनी’. तीही मुकाट्याने आली आणि पडदा काळा झाल्यावर मुकाट्याने गेली. काका आळीपाळीने फोनकडे आणि मास्तरांकडे पाहत राहिले.

“मग तुम्ही माझं का नाही बंद केलंत?”

“मला नाही येत ते बंद करायला,” मास्तर म्हणाले. दोरा तोंडात धरलेला होता म्हणून शब्द जरा दबके आले.

काका बाकड्याच्या कडेला सरकले. सबंध दिवसात प्रथमच त्यांना ठाऊक असलेलं काहीतरी समोर आलं होतं.

“अहो, सोपं आहे. माझ्या नावावर बोट दाबून धरायचं. टोचायचं नाही. मग तिथे येतं सायलंट. द्या इकडे, दाखवतो.”

“नको,” मास्तर म्हणाले.

त्यांनी फोन उचलून यंत्राच्या पलीकडे, काकांचा हात पोचणार नाही असा ठेवला, आणि पाय इतक्या जोरात चालवला की खोलीत दुसऱ्या कोणत्याच बोलण्याला जागा उरली नाही.