मिठात बुडालेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना एन्लार्जर आहे. निगेटिव्हमधून उजेड सोडून खालच्या कागदावर मोठा फोटो पाडायचा, हे माझं काम. रोह्यात हरेशच्या स्टुडिओमागच्या अंधाऱ्या खोलीत मी उभा आहे. उभा म्हणजे, ठेवलेला. कुठे बनलो ते आठवत नाही, आणि त्याचं कोणाला काय पडलंय. अष्टमी, वरसे अशा आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो माझ्या भिंगातून गेले. लोक म्हणायचे, हरेशच्या हाताला गुण आहे. माझं नाव कोणी घेतलं नाही. मग कॉम्प्युटर आला, हरेशचा मुलगा जितेश पुढे बसू लागला आणि माझ्या डोक्यावर फ्रेमची खोकी चढली. बारा वर्षं मी माणसाचं तोंड पाहिलं नाही.

गेल्या माघात पेणच्या खाडीकडून पुतळी आली. मिठागरात जन्म गेलेली बाई. तिचा नवरा हिरामण वारून वर्ष होत आलं होतं. श्राद्धाला मांडायला फोटो हवा म्हणून तिने जितेशला नवऱ्याचं आधार कार्ड दिलं होतं. जितेशने तो चेहरा मोठा केला, गोरा केला, खाली कोट-टाय चढवला. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं.

“यो कोन रं?” पुतळीने विचारलं.

“काकाच आहेत, काकी. कोट सगळ्यांनाच घालतो आम्ही. बरा दिसतो.”

“जिता व्हता तवा सदरा धड नव्हता, आन् मेल्यावर कोट? पोरं इचारतील, आये, कुनाच्या नवऱ्याला हार घातलास?”

जितेश हसला. हरेश हसला नाही.

“वहिनी, मिठागरात मी यांचा फोटो काढला होता. रोल खराब झाला म्हणून सांगितलं ते खोटं. रोल बरा होता. मी चुकलो होतो.”

चूक अशी, की भर दुपारी मिठाच्या राशींचा लखलखाट बघून त्याने कॅमेऱ्यात उजेड कमी घेतला. मीठ छान आलं, माणूस बुडाला. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी चार पुसट रेघा. लाजेने त्याने ती पाकिटात दडवली होती.

“मंग आता काढ की,” पुतळी म्हणाली. “परवा श्राद्ध हाय. मी बसते हितंच.”

खोकी उतरली. जुन्या डब्यात कागद तीनच उरले होते, तेही पिवळट. पहिल्यावर चेहरा डांबरासारखा काळा आला. दुसऱ्या वेळी हरेशने तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती माझ्या उजेडात धरली, चेहऱ्यावर सावली पाडायला, म्हणजे तिथे कागद कमी काळा होईल. पण हात एका जागी थांबला आणि हिरामणच्या डोक्याभोवती देवासारखं पांढरं वलय उमटलं.

“बाबा, यापेक्षा कोट परवडला,” जितेश दारातून म्हणाला.

तिसऱ्या वेळी हरेशने हात थांबू दिला नाही. म्हातारपणाचा कंप कधी नव्हे तो कामाला आला. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात, आधी मीठ आलं. मग हळूहळू एक रापलेलं कपाळ, आणि त्याखाली उन्हाने बारीक केलेले डोळे.

पुतळी जवळ येऊन पाण्यावर वाकली. “व्हय. हाच. असाच आठी घालून बघायचा मेला.” मग हरेशकडे वळली. “आन् तू इतकी वर्सं झाकून ठेवलास व्हय रं?”

हरेशने फोटो धुऊन, वाळवून तिच्या हातात दिला. तिने फोटो पदराखाली धरला आणि ती एस.टी. स्टँडकडे गेली. संध्याकाळी खोकी परत माझ्या डोक्यावर आली.

मित्रांनो, माझी धूळ पुसायला येऊ नका. पण घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या कचऱ्यात टाकू नका, आणि तुमच्या मेलेल्यांना गोरं करू नका. उन्हात राबून काळी पडलेली माणसं भिंतीवर लावायची लाज वाटत असेल, तर दोष तुमच्या नजरेचा आहे. ती जिवंत आहेत तोवर त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घ्या. बारा वर्षांत माझ्या उजेडात एकच चेहरा आला, आणि तो पेणच्या गाडीने गेला.