येऊ का घरी?

समोरासमोर मी त्याला सूर्यकांतराव म्हणते, अहो-जाहो करते. बहिणीच्या नवऱ्याचा मान ठेवायचा असतो. पण हे सांगताना मी ‘तो’च म्हणणार. माझा राग अजून गेलेला नाही.

तो केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. ऑफिसात वरच्यांचं ऐकायचं आणि फरिदाबादच्या घरी आलं की घरच्यांना ऐकवायचं, हा त्याचा शिरस्ता. मुलाने, निहारने केस किती ठेवायचे, सायन्स घ्यायचं की कॉमर्स, ताटात आधी पोळी की आधी भात, सगळं हाच ठरवणार. माझी धाकटी बहीण अहिल्या मुकाट ऐकायची. निहारही ऐकायचा. बापाची हाक आली की पोरगं हातातलं टाकून उभं राहायचं. एकुलता एक, गुणी, जरासा घाबरट.

कॉलेज सुरू झालं तेव्हा फरिदाबादहून रोज मेट्रो बदलत जाणं-येणं जमेना, म्हणून दिल्लीत मुनिरकाला एक खोली भाड्याने घेतली. जयेश नावाचा इंदूरचा मुलगा जोडीला. त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे, आणि खिडकी उघडली की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आपल्याच ओट्यावर वाजल्यासारखी वाटे. मी नाक मुरडलं तर निहार म्हणाला, “मावशी, चलता है यार. सगळे असेच राहतात इथे.”

त्याच सुमारास कॉलेजने पालकांसाठी एक कार्यक्रम ठेवला. कॉलेजच्या वर्षांत मुलांना आधार कसा द्यायचा, हा विषय. अहिल्याने मलाही ओढून नेलं. समुपदेशक बाई वयाने लहान होत्या, पण बोलल्या मुद्द्याचं. मुलांना सारखे फोन करू नका, म्हणाल्या. त्यांचे प्रश्न तुम्ही सोडवू नका. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा, निर्णय त्यांना घेऊ द्या. शेवटी हेही म्हणाल्या की मूल संकटात असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी आईबाप व्हा. त्या बाईंचं काहीही चुकलं नाही, हे मी कुणालाही सांगेन.

चुकलं ते आमच्या साहेबांचं. वरून सर्क्युलर आलं की शब्दशः अंमलबजावणी करायची, एवढंच त्याला नोकरीने शिकवलेलं. दुसऱ्या दिवसापासून घरात नियम लागू. फोन फक्त रविवारी, दोघांनी मिळून, स्पीकरवर. हुकूम सोडणं बंद, ‘तुला काय वाटतं?’ सुरू. निहारने घाबरून मला फोन केला, “मावशी, बाबांची तब्येत ठीक आहे ना?” आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. अहिल्याही खूश होती. उशिरा का होईना, नवरा सुधारला असं तिला वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं.

मग ऑक्टोबर आला. दिल्लीत घरोघरी कुणी ना कुणी तापाने पडलेलं असतं, ते दिवस. त्यातल्या एका रविवारच्या फोनची ही गोष्ट आहे. अहिल्याने ती मला नंतर, हॉस्पिटलात सांगितली.

“बाबा, ताप आलाय,” निहार म्हणाला. “अंग खूप दुखतंय. गुरुवारी इंटर्नल आहे. येऊ का घरी?”

सूर्यकांतने घसा साफ केला. “तुला काय वाटतं?”

निहार म्हणाला, “तुम्ही सांगा ना, बाबा. येऊ का?”

अहिल्या ओरडलीच, “ये! आत्ताच्या आत्ता ये! अहो, आपणच जाऊ त्याला आणायला!” पण तिने तोंड उघडताच याने बोट पुढे करून फोन म्यूट केला होता. ऑनलाइन मीटिंगांनी लागलेली सवय. “मधे लुडबुड करू नकोस,” तो तिला म्हणाला. “साधा व्हायरल आहे. ताप म्हणजे काही संकट नव्हे. त्याचं त्याला ठरवू दे.” मग म्यूट काढून, शांत आवाजात, “बेटा, तू आता मोठा झालास. निर्णय तुझा. आमचा सपोर्ट आहे, बिल्कुल.”

“अच्छा,” निहार म्हणाला. “मग परीक्षा देऊनच येतो.”

सूर्यकांतचा ऊर भरून आला. बघ कसा जबाबदार झालाय, असं तो दिवसभर म्हणत होता. अहिल्या जेवली नाही.

मंगळवारी ती डबा भरून निघालीच होती, तेवढ्यात निहारचा मेसेज आला. ताप उतरलाय, आता ओके. नवरा म्हणाला, परीक्षेच्या तोंडावर उशाशी जाऊन बसलीस तर पोरगं अभ्यास काय करणार? ती थांबली. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, असं कुणालाही वाटेल. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. “बुखार उतरा, तभी तो संभालना था,” ते म्हणाले. “इतनी देर से क्यों लाए?”

बुधवारी सकाळी निहार बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. हातपाय गार पडले होते. जयेशने शेजाऱ्यांच्या मदतीने त्याला ऑटोत घातलं, हॉस्पिटलात नेलं आणि सगळ्यांना फोन केले. मी करोल बागेतून निघाले ती थेट इमर्जन्सी वॉर्डात. आयसीयूत जागा नव्हती, वाट बघायला सांगितलं होतं. अहिल्या त्याचे तळवे चोळत बसली होती. सूर्यकांत पायाशी उभा होता, हातात रिपोर्टची पिशवी.

निहार शुद्धीवर होता. ओठ सुकून पांढरे पडलेले, आवाज अगदी बारीक.

“आई, रडू नकोस,” तो म्हणाला. “मला यायचं होतं ग. पण बाबा ये म्हणाले नाहीत.” जरा दम घेऊन पुढे म्हणाला, “तू पण काही बोलली नाहीस.”

अहिल्याने वर बघितलं. सूर्यकांत तिच्याकडेच बघत होता, तोंडचं पाणी पळालेलं. मला तेव्हा त्या म्यूटचं काहीच ठाऊक नव्हतं. दोघं एकमेकांकडे असे का बघताहेत, तेच कळेना.

“मला वाटलं, तुझी परीक्षा आहे,” अहिल्या म्हणाली.

निहारने मान हलवली. रागाने नाही, खरंच आहे म्हणून. मग त्याने डोळे मिटले.

संध्याकाळी त्याला आयसीयूत हलवलं. बाहेरच्या बाकावर अहिल्याने मला रविवारचं सगळं सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. “मग त्याला खरं का नाही सांगितलंस? आई आपल्याला ये म्हणाली नाही, एवढं मनात घेऊन पोरगा आत पडलाय!”

“ताई, बरा झाल्यावर त्याला बापाबरोबरच राहायचंय,” ती म्हणाली. “घरी नेऊन सांगेन. सावकाश.”

सूर्यकांत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याने सगळं ऐकलं असणार. थोड्या वेळाने तो उठून आमच्यासमोर आला. “मीच सांगतो त्याला, ताई. उद्या भेटायला सोडतील तेव्हा. माझ्याच तोंडून ऐकू दे.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची कीव आली.

सकाळी भेटीच्या वेळेआधीच आम्हाला आत बोलावलं. दारात उभ्या डॉक्टरांचा चेहरा बघून मी अहिल्याचा दंड घट्ट धरला. पलंगापाशी गेलो तेव्हा नळ्या काढून झाल्या होत्या. अहिल्याने त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

सूर्यकांत उशाशी गेला. मला वाटलं, आता हा माफी मागेल, निदान रडेल तरी. तो ताठ उभा राहिला आणि आम्ही गेल्या दोन-तीन महिन्यांत ऐकला नव्हता त्या दरडावणीच्या आवाजात म्हणाला, “निहार, ऊठ. चल घरी.”

बाजूच्या पलंगावरची म्हातारी दचकली. नर्स धावत आली. “अंकल, प्लीज, बाहर चलिए.” तो हलला नाही. “मी सांगतोय ना, घरी चल,” पुन्हा म्हणाला, आणखी मोठ्याने. मग पुन्हा. मी त्याला अडवलं नाही. अहिल्या मान वर करून निहारच्या चेहऱ्याकडे बघत होती. या आवाजाला त्याने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.