शेवटचा चरण हुइयाचा

या, असे पुढे सरकून बसा. चपला राहू द्या तिथेच, कुणी नेत नाही. आज एका हट्टी गायिकेची गोष्ट तुमच्या पदरात टाकायची आहे.

इरावती पुण्याची. सातासमुद्रापार हॅमिल्टनला शिकायला आली आणि कंट्री गाणारी होऊन बसली. गिटार, ट्रक, मेंढ्या, मोडलेली लग्नं, असली ती गाणी. आई फोनवर म्हणायची, "इंजिनिअर झालीस ना? मग हे काय गुराख्यांचं?"

"आई, आपला देवही गुराखीच होता की."

ही गाणी तिला दिली हुइया आंटीने. शिकत असताना इरावती तिच्याच घरी भाड्याने राहायची. हुइया माओरी बाई, त्या मुलखातल्या मूळच्या लोकांतली, जन्मभर लोकर कातरायच्या शेडमध्ये राबलेली. स्वतः गाणी रचायची आणि धुणं वाळत घालता घालता म्हणायची. तरुणपणी तिचं एक गाणं कुणीतरी उचलून रेकॉर्ड केलं. गाजलं. रचणाऱ्याच्या जागी छापलं होतं, 'पारंपरिक'. हुइया हे हसत सांगायची. इरावतीला मात्र हसू यायचं नाही. लहानपणी आईच्या मांडीला टेकून तिने कीर्तनं ऐकली होती. शेवटच्या चरणात संताचं नाव येतं आणि बुवांसकट सारे हात जोडतात, हे तिच्या हाडात मुरलेलं.

हुइया गेली त्या वर्षी इरावतीचा पहिला अल्बम आला, हॅमिल्टनच्याच रोटोटुना भागातल्या एका गॅरेजमध्ये केलेला. चाली हुइयाच्या, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'हुइया सांगते' अशी ओळ. विकला गेला शनिवारच्या बाजारात, मधाच्या बाटल्यांशेजारी. दुसरा जरा बरा चालला. तिसऱ्यातलं कुंपणाचं गाणं मात्र लोकांनी असं उचलून धरलं, की ट्रकमध्ये तेच आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिकडच्या वाणसामानाच्या दुकानातही तेच.

मग ऑकलंडची एक मोठी कंपनी आली. चौथा अल्बम आम्ही काढतो, परदेशात नेतो. आधी पुरस्कार सोहळ्यात टीव्हीवर हे गाणं गा. फक्त शेवटचा तो हुइयाच्या नावाचा चरण कापा.

श्रीनाथ, तिचा मॅनेजर आणि कॉलेजपासूनचा मित्र, मेकअपच्या खोलीत हात जोडून उभा.

"इरा, लोक विचारतात, हुइया कोण?"

"विचारतात ना? मग चरण काम करतोय."

"कंपनी म्हणते, गोंधळ होतो."

"आपल्याकडे शेकडो वर्षं शेवटी नाव घेतात. कुणाचा गोंधळ झाला?"

"तू संत नाहीस गं बाई."

"मी कुठे माझं नाव घेतेय?"

श्रीनाथने कपाळाला हात लावला. "वादकांना सांगून झालंय. तिसरं कडवं संपलं की ते थांबणार. अल्बम हवा असेल तर तूही थांब."

इरावती गायली. तिसरं कडवं संपलं, ड्रम थांबला, गिटारी थांबल्या, टाळ्या सुरू झाल्या. तिचीही जीभ क्षणभर अडली. अल्बम तिला नको होता थोडाच? पण शेवटचा चरण कापला की अभंग पोरका होतो, आणि कापणारे हात आपलेच असले तर देवापुढे जोडायचे कुठले? तिने बुटाच्या टाचेने लाकडी स्टेजवर ताल धरला आणि टाळ्यांच्या वर आवाज चढवला: हुइया सांगते, कुंपण त्यांचं, वारा कुणाचा?

टीव्हीवर तर टाळ्यांबरोबरच जाहिरात लागली होती. माईक बंद झाला. टाच चालूच. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून तिने तो चरण पुन्हा म्हटला, कीर्तनात घोळवतात तसा.

गाडीत बसून श्रीनाथने पट्टा लावला. मग म्हणाला, "गेला चौथा अल्बम."

"त्यांचा गेला. गाणी माझ्याकडेच आहेत."

"आणि टीव्हीवर ते नाव कुणाच्या कानावर पडलंच नाही, कळतंय का?"

"कळतंय. शनिवारी हंटली गावच्या क्लबात गाऊ. तिथे जाहिराती नसतात."

"स्वीट ॲज, झकास," श्रीनाथ तिकडच्या बोलीत वैतागून म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

तर मायबाप हो, गाणं विसरलात तरी चालेल. इरावतीलाही विसरा, तिची हरकत नाही. पण सांजेला दिवा लावाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या पाठोपाठ आणखी एक नाव घ्या. हुइया. मेंढरांची लोकर कातरायची, गाणी रचायची. तिची आठवण ठेवा.