चव्वेचाळीस ठोके

छबूबाई आयुष्यात फारसं खोटं बोलल्या नव्हत्या. म्हैस, मळा आणि पुंजारामनानांसारखा नवरा सांभाळणाऱ्या बाईला खोटं बोलायला सवड तरी कुठली? पण गेले तीन महिने दर रविवारी पोराचा व्हिडिओ कॉल आला, की त्या आधी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून नवऱ्याच्या हातावर बांधायच्या आणि मगच फोन उचलायच्या. पोराला वाईट वाटू नये म्हणून, एवढंच.

घड्याळ पोरानं, म्हणजे चाकणला कंपनीत असलेल्या योगेशनं आणलेलं. नाना मागच्या वर्षी छातीत धडधड होऊन अंगणातच कोसळले होते. आठ दिवस दवाखान्यात काढले, रोजची गोळी मागं लागली, तेव्हा योगेशनं आधी एक काळं चौकोनी घड्याळ आणलं. नानांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मनगटाला टीव्ही बांधू व्हय रं?" मग पोरगं शहाणं झालं. दुसरं आणलं ते पांढऱ्या तबकडीचं, काट्यांचं, तपकिरी चामडी पट्ट्याचं. लग्नात जावयाला देतात तसं. आतून ते फोनशी बोलायचं, पण तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. चार्जिंग महिनाभर पुरायचं. ते योगेशच सुट्टीला आला की करायचा. त्यामुळे हे घड्याळ काही वेगळं आहे, हे दोघं नवराबायको विसरूनच गेले.

आता ते नानांच्या हातावर का नसायचं, तर नाना बत्तीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होते. मशीनला हात लावायचा तर आधी घड्याळ काढायचं, हा तिथला पहिला धडा. एकाचा पंजा घड्याळासकट चेनमध्ये जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. रिटायर झाले, पण सवय कुठली रिटायर होतेय? म्हशीचं दावं सोडायचं तरी नाना घड्याळ काढून बायकोच्या हातात द्यायचे. छबूबाईंना त्याचा उपयोग होता. डेअरीची वेळ, मोटरीच्या लाईटीची वेळ. मग नानांनीच तापल्या खिळ्यानं पट्ट्याला एक जादा भोक पाडून दिलं आणि घड्याळ बांगड्यांच्या मागं कायमचं बसलं. अगदी झोपेतसुद्धा. नानांच्या हाती ते फक्त बाजाराला, लग्नाला आणि व्हिडिओ कॉलला.

त्यात पावलं मोजली जातात, हे त्यांना ठाऊक होतं. "नाना, रोज आठ हजार! शाब्बास!" योगेश म्हणायचा आणि नाना मिशीवरून हात फिरवायचे. गवताचं ओझं घेऊन ती पावलं चाललेल्या छबूबाई पदराआड हसायच्या.

त्या दिवशी मंगळवार होता. साडेदहाच्या सुमाराला अवेळीच फोन वाजला. साधाच कॉल होता. नाना घरात नव्हते. कालव्यापलीकडं बजरंगच्या शेतात बोअरची मोटर वर काढायची होती, आणि असं काम पुंजारामनानांशिवाय गावात होत नाही, असं गावापेक्षा नानांनाच जास्त वाटायचं. फोन नेहमीसारखा घरीच कोनाड्यात होता.

"आई, नाना झोपलेत का अजून?"

"न्हाई रं, अंगुळ करत्यात," नाना मोटर काढायला गेल्याचं कळून पोरगं चिडू नये म्हणून छबूबाईंनी थाप मारली.

"बरं, ऐक. पुण्याच्या डॉक्टरांशी बोललो. नानांचे ठोके आजपण चव्वेचाळीसच आहेत. रात्री तर चाळीसच्या खाली जातात. निम्मी करूनसुद्धा फरक नाही, म्हणून ती गोळी आजपासून बंद करायची. आणि उद्या नानांना इकडं दाखवायला घेऊन ये."

"कसलं ठोकं?"

"हृदयाचे गं. ती गोळी धडधड कमी करायची ना? जास्तच कमी झालीय. म्हणून तर पंधरा दिवसांपूर्वी निम्मी केली."

"पर तुला तिकडं बसून काय कळतंय?"

"घड्याळ सांगतं ना! मनगटावरून मोजतं. मला फोनवर दिसतं."

छबूबाईंनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. काटे शहाण्यासारखे चालले होते.

फोन ठेवला गेला तरी त्या तशाच उभ्या होत्या. पोरगं तिकडं ठोके मोजत होतं ते छबूबाईंचे, आणि गोळी निम्मी केली होती नानांची. गेल्या आठवड्यात नाना गोठ्यातून येताना दोनदा मध्येच बसले होते. "छातीत फडफडतंय, ग्यास झालाय," म्हणाले होते, आणि छबूबाईंनी ओवा दिला होता. ओवा! आणि आता तो माणूस निम्म्या गोळीवर पन्नास फूट पाईप ओढत उभा होता. पोराचं मन राखायला केलेली लबाडी नवऱ्याच्या जिवावर उठली होती.

गोळ्यांची पट्टी पदराला बांधून, फोन मुठीत धरून त्या निघाल्या. चप्पल घालायचीही शुद्ध राहिली नाही. बजरंगला फोन लावला तर तो उचलेना. मोटर निघत असताना फोन कोण उचलतो? कालव्याच्या भरावावरून त्या पळत सुटल्या. पळताना नाना आडवे पडलेले दिसायचे, पांढरं कापड दिसायचं, मग त्या स्वतःलाच शिव्या घालायच्या आणि पुन्हा तेच दिसायचं. पुलाजवळ डोळ्यांपुढं अंधारी आली. कठड्याला धरून त्या खाली बसल्या. अशी अंधारी हल्ली यायची, उन्हाची. तेवढ्यात पुन्हा योगेशचा फोन आला.

"आई, नाना आले का अंघोळ करून? सेहेचाळीस दाखवतंय. निवांत आहेत, काळजी करू नको."

"योगेश," छबूबाईंना रडूच फुटलं, "ते घड्याळ माज्या हातात हाय रं! पयल्यापास्नं माज्याच हातात हाय. तुजं नाना निम्म्या गोळीवर तिकडं मोटर वडत्यात!"

पलीकडून पोरगं ओरडलं, "पळ, आई!"

त्या पळाल्या. बोअरपाशी चेनपुली लावलेली, बजरंग आणि दोन गडी पाईपला भिडलेले, आणि नाना बाभळीखाली टेकून बसलेले. तोंड राखेसारखं, कपाळावर घाम.

"काकू, नानाला जरा ऊन लागलंय," बजरंग म्हणाला.

छबूबाईंनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. पट्टा सुटलेल्या मशीनसारखं आत काहीतरी सैरावैरा पळत होतं. "ऊन न्हाई बाबा, गाडी काड! आदी गाडी काड!" त्या किंचाळल्या. नानांनी डोळे उघडले. "घड्याळ सांबाळ," एवढंच पुटपुटले. त्याही वेळी त्यांना घड्याळाचीच पडलेली. छबूबाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता ते उपटून कालव्यात फेकावं.

नानांना बजरंगच्या पिकअपमध्ये बसवत असतानाच योगेशनं पुण्याच्या डॉक्टरांना विचारून फोनवर सांगितलं, अख्खी गोळी द्या आणि राहुरीचा दवाखाना गाठा. छबूबाईंनी नवऱ्याच्या जिभेवर गोळी ठेवली, पाणी पाजलं. रस्ताभर त्यांचा हात त्या छातीवरच होता. तो उचलला तर आतलं थांबेल, असं भय त्यांना वाटत होतं.

दवाखान्यात सुई टोचली, वायरी लावल्या. डॉक्टरीण तरुण होती, पण हाताला पक्की. पाऊण तासानं ती म्हणाली, "आले ताब्यात. अजून तासभर उशीर झाला असता, तर अवघड होतं." छबूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. वाचले. त्यांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाई फोनवर योगेशकडून सगळी हकिकत ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. फोन खाली ठेवून त्या छबूबाईंपाशी आल्या.

"काकू, तुम्हाला चक्कर येते का?"

"येते की. उनाची. समद्यांनाच येते."

"मघाशी एवढं पळलात ना? घाबरलात ना?"

"जीव जायची पाळी आलीया बाई, आन घाबरले न्हाई व्हय!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं. घड्याळाच्या खाली, बांगड्यांच्या वर, आपली बोटं ठेवली आणि एक मिनिटभर ठोके मोजले.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "एवढ्या भीतीत ठोके शंभराच्या वर जायला हवेत. काकू, उठा, वर खाटेवर झोपा. अहो, चाकाची खुर्ची आणा कुणीतरी, यांना चालवू नका. नगरच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावा."

तीन महिने ते घड्याळ रोज सांगत होतं, की या घरातल्या एका माणसाचं हृदय थकत चाललंय. आणि प्रत्येकानं नानांकडंच पाहिलं होतं.

नाना वायरींसकट उठून बसले. नर्स ओरडली, तरी त्यांनी पाय खाली सोडले आणि खाटेवर जागा केली.

"अडतीस वर्सं झाली लग्नाला," ते म्हणाले. "ही कदी आजारी पडली न्हाई वो, डाक्टरीणबाई."

"कधी तपासलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नाना आठवत राहिले. त्यांना काही आठवेना.