बरडावरचा पवन्या

मी पवन्या गवताचा एक जुना ठोंब आहे. घाटंजीच्या बाजूला एका तांड्याच्या वरच्या अंगाला बरड आहे, म्हणजे पातळ मातीचा मुरमाड माळ. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी उभा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे गोड बोलतात. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. मला माणसांची शिसारी आली आहे. ती का आली, तेवढंच मी सांगणार आहे.

मला कुणी पेरलं नाही. वाऱ्याने बी आणलं, मृगाने भिजवलं, झालं. श्रावण सरेपर्यंत मी वाढून बैलाच्या पोटाला लागायचो, दिवाळीला पिवळा पडायचो आणि वैशाखात असा वाळायचो की जाणारा-येणारा म्हणे, 'मेलं हे.' मेलं कशाने? दगड तडकवणाऱ्या उन्हात माझा जीव खाली मुळांशी मुकाट बसलेला असे. त्या वीतभर मातीत आम्हा गवतांच्या मुळांची दाट वीण होती. आभाळ फाटलं तरी पाणी तिथे हळूहळू मुरे. वणवा वरून फिरून गेला तरी पहिल्या सरीला मी पुन्हा हिरवा! आमच्यात ससे होते, काळवीट होते, इकडे ज्याला हूम म्हणतात तो माळढोक होता. पावसाळ्यात तणमोर गवतावर टुणकन उडी मारून मादीला तोंड दाखवी. त्याच्या नखऱ्यांचं मला भारी हसू येई. एवढं सगळं तिथे नांदत होतं, आणि माणसांच्या तोंडी आमचं नाव काय, तर 'पडीत'! थू!

तांड्याचा नायक धावजी. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. चांगलं गवत दिसलं की त्यांचा मुक्काम पडे. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि तांडा इथे बसला, तोही आमचं गवत बघूनच. त्या जुन्या बैलांच्या वंशाची गुरं धावजीच्या आईने, भुरीबाईने, पोटच्या पोरांसारखी सांभाळली होती. धोळी नावाची पांढरी गाय त्यांची म्होरकी. तिच्या दातांखाली जाण्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही.

छप्पन साली म्हणे आमचा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला. आमचं एक मूळही हललं नाही. हललं ते पुढच्या उन्हाळ्यात. धावजी लोखंडी नांगर घेऊन बरडावर आला. मागून भुरीबाई धापा टाकत आली.

"धावजी, काहून नांगरतं रे हे?"

"याडी, आजोबा काय म्हणे? जिथं गवत बैलाच्या पोटाले लागते, तिथली जमीन कसदार. इथं कपाशी काहून नाही होनार?"

"अन् गाईले काय चारशीन? ढेकळं?"

"कपाशी पिकली का सरकीची ढेप देऊ त्याईले. आता आपन कास्तकार झालो, याडी. किती दिवस गाईच्या मागं फिरायचं?"

भुरीबाई नांगरापुढून बाजूला सरली. तीही आईला 'याडी' म्हणणाऱ्या बंजाऱ्यांतलीच. सासऱ्याचा शब्द तिला खोटा पाडवेना. पण तो शब्द मुक्कामाचा होता, नांगराचा नव्हता! गवतावरून बैलाचं पोट भरेल की नाही ते कळतं. खाली माती वीतभर आहे की हातभर, ते कसं कळणार? उभा जन्म गवत वाचणाऱ्यांनी ते असं उलटं वाचावं, याचीच मला चीड येते.

नांगराने माझे सोबती उलथले. पांढरी मुळं उन्हात उघडी पडली, पहिल्या सरीत कुजली आणि बरडभर आंबूस वास सुटला. धुऱ्यावर नांगर पोचत नाही, म्हणून मी तेवढा उरलो.

पहिल्या साली कपाशी बरी आली. धावजी मिशीवर ताव देत फिरला. दुसऱ्या पावसाळ्यात, धरून ठेवायला मुळं नाहीत म्हटल्यावर, माती गढूळ होऊन नाल्यात निघून गेली. खाली मुरूम उघडा पडला, खरूज झालेल्या पाठीसारखा. कपाशी गुडघ्याच्या वर येईना. सरकीच नाही, तर ढेप कुठली? हूम गेला, तणमोर गेला. धावजीने हात टेकले आणि बरड मोकळा सोडला.

पुढच्या पावसाळ्यात तिथे तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, तण माजलं. कोवळा असताना माणसं त्याची भाजी करतात, एरवी त्या घाणेरड्या वासाला गुरं तोंड लावत नाहीत. असला शेजारी माझ्या नशिबी! धावजी मात्र हरखला.

"पाह्य याडी, हिरवं झालं पुन्हा!"

"धोळी तोंड फिरवून राह्यली, अन् तुले हिरवं दिसून राह्यलं?"

गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेवटी भुरीबाईने मन घट्ट केलं आणि सगळं खिल्लार पांढरकवड्याकडच्या जंगलात, भावाच्या तांड्यावर पाठवायचं ठरवलं. तिचा भाऊ भावसिंग न्यायला आला. गाई धुऱ्याने निघाल्या. धोळी माझ्याजवळ थबकली. भावसिंगने काठी उचलली.

"हाकू नको तिले," भुरीबाई म्हणाली. "खाऊ दे."

धोळीने मला जिभेने वेढून ओढलं आणि खाल्लं. पुन्हा तोंड खाली घातलं, तर मातीवर माझं काही उरलं नव्हतं, होती ती नुसती मुळं. ज्या बरडावर तिच्या आईची आई पोटभर चरली, तिथे तिला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं. आणखी मिळेल म्हणून ती उभीच राहिली. धावजी तोंड फिरवून रडत होता. मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, मला कापा, चारा, उन्हाळ्यात पेटलो तरी माझी तक्रार नाही. फक्त माझी मुळं उलथू नका. दारी आलेल्या गाईला एका घासावर उठवू नका.