पान दोनशे अकरा

“पुस्तकात लिहायचं नाही. आणि का, असं विचारायचं नाही.” पुंडलिकनगरच्या या घरात प्रत्येक मुलाला हा नियम ज्या कपाटासमोर उभं करून सांगतात, त्याच कपाटातली मी एक इंग्रजी कादंबरी बोलतेय.

या घरच्या केशव सरांनी मला त्यांच्या तरुणपणी गुलमंडीच्या फुटपाथवरून उचललं आणि तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. माझ्यात जमीनदाराचा मुलगा तबेलेवाल्याच्या मुलीला जीव लावतो. बाप भडकतो. तेव्हा मुलाची बहीण पुढं होते आणि त्या मुलीचा, आपल्या मैत्रिणीचा, हात धरून बापासमोर उभी राहते. ते पान दोनशे अकरा. तिथं आलं की सरांचा आवाज दरवर्षी भरून यायचा. वाटायचं, आपलं सार्थक झालं. पुस्तकंही भोळीच असतात.

दोन हजार तेराच्या दुष्काळात सरांच्या मुलीनं, स्वरदानं, मला गुपचूप पिशवीत घातलं आणि आपल्या वर्गातल्या मेघाला दिलं. मेघा बिडकीनहून एसटीनं यायची. गावात टँकर आला की एका हातात घागर, एका हातात मी, अशी रांगेत उभी राहायची.

“मेघे, पुस्तकानं घागर भरती व्हय?” तिची आई लीलाबाई ओरडायची.

“थांब ना आई, इथं बापलेकाचं लई भांडण लागलंय!”

टँकरचं पाणी माझ्यावर उडालं, त्याचा डाग अजून आहे. मी तो मिरवते.

दोघी माझ्या समासात पेन्सिलीनं बोलायच्या. दोनशे अकराव्या पानावर मेघानं लिहिलं, “अशी मैत्रीण खरंच असते?” खाली स्वरदानं लिहिलं, “असते की. मी आहे.”

एक दिवस सरांनी ते पाहिलं. मी धास्तावले. पण त्यांनी मेघालाच घरी बोलावलं. “तीस वर्षांत असं कुणी वाचलं नाही,” म्हणाले. मग दर रविवारी ती येऊ लागली. सरांच्या पत्नी कालिंदीबाई पोहे करायच्या. स्वरदाचा भाऊ शंतनूही हळूहळू तिथंच येऊन बसू लागला.

दोन वर्षांनी तो म्हणाला, लग्न करीन तर मेघाशी.

“पुस्तक वेगळं, घर वेगळं, मेघा,” सर शांतपणे म्हणाले. “तू समजूतदार आहेस. तुमचं-आमचं नाही जमायचं.”

शंतनू खाली बघत राहिला. स्वरदा दारात उभी होती. टेबलावरून मी तिच्याकडं बघत होते. तिच्यात आणि मेघात पाच पावलांचं अंतर होतं. ती हलली नाही.

मेघा मला घेऊन गेली आणि आठ दिवसांनी परत आली. “सर, तुमचा नियम मोडला होता. माझं सगळं पुसून आणलंय.”

आठ दिवस माझ्या अंगावरून खोडरबर फिरत होता. तिनं फक्त स्वतःच्या ओळी पुसल्या. दोनशे अकराव्या पानावर उरलं एवढंच, “असते की. मी आहे.” वरती कोरी जागा.

शंतनूनं दुसरीकडं लग्न केलं. बायपासला नवीन टॉवरात राहतो. मेघानं फोन नंबर बदलला.

यंदा पुन्हा टँकर सुरू झालेत. मे महिन्यात सरांची पंचाहत्तरी. बैठकीत सगळे नातेवाईक.

“स्वरदा, ते पान वाच गं,” सरांचे भाऊ काकासाहेब म्हणाले. “तुझे बाबा रडल्याशिवाय केक मिळायचा नाही आम्हाला!”

सगळे हसले. स्वरदानं मला उघडलं, उजेडाकडं तिरकं धरलं. पेन्सिलीच्या खाचा पुसल्या जात नाहीत.

“मी नाही वाचणार.”

“अगं, वडीलधाऱ्यांसमोर काय हे...” कालिंदीबाई कुजबुजल्या.

“वडीलधाऱ्यांसमोर एकदा गप्प बसले होते, आई. तेवढं पुरे झालं.”

तिनं काकासाहेबांच्या खिशातलं बॉलपेन काढलं.

“स्वरदा! पुस्तकात...” सर उठलेच.

ती खाली बघून लिहीत राहिली. मेघाचा प्रश्न तिनं खाचांवरून अक्षर न् अक्षर गिरवला. मग स्वतःच्या उत्तरावर एक आडवी रेघ मारली. इतकी दाबून, की मागचं पान फाटलं. मला दुखलं नाही.

“आता तुम्ही वाचा, बाबा. मोठ्यानं.”

सरांनी मला हातात घेतलं. चष्मा सारखा केला. काकासाहेब छताकडं बघू लागले. कालिंदीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

माझ्या समासात शाई वाळत होती. दरवर्षी याच पानावर भरून येणारे सरांचे डोळे आज कोरडे होते.